दहापर्यंत फोन मोकळा ठेव

राजनंदिनी,

इंटरनेटची सीडी औंधच्या डोंगरावर माकडानं पळवली, असं मी काल सांगितलं ते खोटं. माकडानं तिच्यात तोंड बघून भांग पाडला, ते तर साफच खोटं. सीडी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात हाय. मीच लपवली. काँप्युटर दुरुस्त होऊन आलाय, आता सीडी घातल्याबिगर इंटरनेट लागत न्हाई, आणि इंटरनेट लागलं की फोन लागत न्हाई. तुझा बाप जयराज बॉर्डरवरनं दर रविवारी सकाळी फोन करतो. तीन रविवार झाले, आला न्हाई. आज चौथा.

मी सहाच्या गाडीनं कवठे महांकाळला सुभेदारांकडं चाललोय. त्यांचा पोरगा जयराजच्याच पलटणीत हाय, त्याचं काही पत्र आलंय का विचारतो. आईला सांग, आबा म्हस बघायला गेलेत.

दहापर्यंत फोन मोकळा ठेव. मग सीडी घाल आणि कॉलेजचा फॉर्म भर, आज शेवटची तारीख हाय. फॉर्म झाला तरी मी येईपर्यंत इंटरनेट चालूच राहू दे. आई फोनपाशी बसून राहिली तर म्हण, बाबांनी लावला असंल, आपलीच लाइन बिझी होती.

आबा