फाट्यावरचे दगड

मंगळ. १ ऑक्टो.
आज परत क्रिकेटचा स्टंप चालवला.
वाडीच्या पोरी अर्ध्या रस्त्यात, सायकली हातात धरून. मी मध्ये उभी, तोंडात शिट्टी, हात आडवा. रिसोडकडून मुरमाचा टिप्पर आला. थांबायचं सोडून हॉर्नवर हात ठेवून तसाच आला. पोरी मागे पळाल्या, एकीची सायकल आडवी पडली. टिप्पर माझ्या कोपरापासून एवढ्याशा अंतरावरून गेला. मी वळले आणि आरशावर स्टंप हाणला. काचा रस्ताभर.
पुढे जाऊन थांबला. आता बरे ब्रेक लागले! ड्रायव्हर उतरला. "ए बाई, रोड काय तुह्या बापाचा हाये का?" माझं मनगट धरलं. मी गुडघ्यावर दिला एक. मग टपरीवरचे लोक मध्ये पडले.
मनगट सुजलंय. खोटं कशाला लिहू, मारताना बरं वाटलं.

गुरु. ३ ऑक्टो.
मु.अ.नी केबिनमध्ये बोलावलं. "बाई, तुमी खेळाच्या शिक्षिका हाये, ट्रॅफिक पोलीस नाई." म्हटलं, मग पोलीस आणा, मी मैदानावर जाते. "अर्ज देलेला हाये." गतिरोधकाचा अर्ज, फलकाचा अर्ज. संध्याचा पाय गेल्यापासून अर्जच चाललेत.
संध्या. आठवी ब. श्रावणात, याच फाट्यावर. मी मैदान आखत होते, आवाज आला, तशीच अनवाणी पळाले. तिचा पाय मी पाहिला. तो पाय मला शिट्टी वाजवतानाही दिसतो. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फाट्यावर उभी राहते. तिच्या बापानं शाळेतून मिळालेली सायकल भंगारात घातली आणि वाडीत बैठक बसली. ठरलं असं, की आणखी एक पोरगी पडली तर वाडीतल्या सगळ्यांच्याच शाळा बंद. बैठकीत सगळ्यात मोठा आवाज पायलच्या बापाचा, रामेश्वरभाऊंचा. आणि पायल दहावीला. खो-खोची माझी कॅप्टन. तिची शाळा सुटली तर पुढचं काय ते मला माहीत आहे. वैशाखाच्या आत मांडव.

शनि. ५ ऑक्टो.
सकाळची शाळा. रोजच्यासारखी पायल पलीकडून ओरडली, "बाई, येऊ का?" मी "या" म्हटल्याशिवाय एकीचंही चाक हलत नाही, एवढी शिस्त लावली आहे. "या" म्हटलं, पायल आज सायकलवर बसूनच निघाली आणि तीच पडली.
रस्त्यावर सोयाबीन. सध्या सगळे डांबरावरच वाळवतात, घरी खळं कुणाकडे राहिलंय. कुणीतरी रास उचलून नेली होती, दाणे तसेच पसरलेले. सायकलचं चाक दाण्यांवर गेलं की ब्रेक दाबून उपयोग नाही. सरळ आडवी झाली. मागून जीप. मी जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटले, अक्षरशः आडवी पडले त्याच्यावर. थांबली.
पायलचे दोन्ही गुडघे सोललेले, हनुवटी फुटलेली. रडली नाही. आधी बोलली ते हे, "बाई, बाबाले नका सांगू."
सांगितलं नाही. खो-खोत पडली म्हणून चिठ्ठी दिली.
दाणे कुणाचे ते शोधून काढणार होते आणि त्याला तिथेच लोळवणार होते. दिवसभर डोक्यात तेच.

सोम. ७ ऑक्टो.
आज उलटंच पाहिलं.
पोरी गेल्यावर टपरीशी बसले होते. समोर कुणाचं तरी सोयाबीन, अर्धा रस्ता अडवून, कडेनं दगड मांडलेले. तोच आरसा फुटलेला टिप्पर आला. मला वाटलं, आता चिरडतो. नाही! गिअर बदलला, हळू झाला, दगडांना वळसा घालून नवरीच्या मेण्यासारखा अलगद गेला. मागे बस, तीही तशीच. माझ्या हाताला न थांबणारे मुठीएवढ्या दगडांना थांबतात.
संतापानं कानशिलं तापली. आणि मग डोक्यात आलं.
संध्याकाळी वाडीत. रामेश्वरभाऊ खाटेवर. म्हटलं, तुमचं सोयाबीन फाट्यावर वाळवा, पोरी जिथून ओलांडतात त्याच्या अलीकडे एक पट्टा, पलीकडे एक. ते आधी खाटेवर उठून बसले. मग हसले. "पोट्टी चिरडली त डायवर पळून जाते बाई. सोयाबीन चिरडलं त इथंच मार खाते, हे त्याले ठाऊक हाये."
"मग आणता?"
"आणतो. पण एक सांगून ठेवतो. पायलच्या हनुवटीले खो-खोत नाई लागलं."
त्यांना सगळं माहीत होतं. तरी सायकल दारात उभी होती.

बुध. ९ ऑक्टो.
चाललं! अलीकडे पिवळा पट्टा, पलीकडे पिवळा पट्टा, दोन्हींना दगडांची कड. गाड्या नागमोडी, बैलगाडीच्या चालीनं. एक टिप्परवाला खिडकीतून ओरडला, "काहून रोडावर खळं केलं बे?" रामेश्वरभाऊ फावडं घेऊन उभे राहिले. टिप्परवाला गप गेला.
"बाई, येऊ का?" "या!" पोरी चक्क सायकलवर बसून ओलांडून आल्या. घंटी वाजवत.
शिट्टी वाजवावी लागली नाही. स्टंप भिंतीला टेकवून ठेवला होता.

शनि. १२ ऑक्टो.
दसरा. सुट्टी. आई कालच गल्लीतल्या बायांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. जाताना माझं मनगट पाहून म्हणाली, "तुहा हात तुह्या आधी पोहोचते पोरी. कधी तरी तुले मागं ठेवून जाईन तो."
हात पुढे, मी मागे; आईला मी हातगाडी वाटते.
दुपारी चुकून फाट्यावर चक्कर मारली. दगड जागेवर. रामेश्वरभाऊ दाणे वर-खाली करत होते. मीही वाकून थोडे वर-खाली केले, छान वाटलं.

मंगळ. १५ ऑक्टो.
रामेश्वरभाऊंचं सोयाबीन वाळलं. पोती भरून उद्या रिसोडला, बाजार समितीत. दगड गोळा करायला लागले तर मी थांबवलं. म्हटलं, राहू द्या, दाणे नसले तरी दगडांना तर गाड्या वळतातच. त्यांना पटेना. "दाणे उचलले का दगड उचलाव, बाई." मी म्हटलं, मी फक्की मारते त्यांना. मैदान आखायची पांढरी फक्की आहे शाळेत, पोतंभर. लांबून दिसतील.
"मंग मारा," म्हणाले आणि ट्रॉलीत बसले.
शाळेत परत येते तो तालुक्याच्या स्पर्धेचं पत्र. खो-खोचा संघ, जर्सी, गाडी. फक्की राहिली. उद्या.

बुध. १६ ऑक्टो.
नाही मारली फक्की.
सकाळी पोरींना ओलांडून दिलं. दुपारी सराव. संध्याकाळीही पोरी नीट गेल्या. मी घरी आले, चहा ठेवला, आणि टपरीवाल्याचा फोन. "बाई, लवकर या."
दिवेलागणीची वेळ. पलीकडच्या गावचा एक मुलगा मोटारसायकलवर, एकटा. पुढचं चाक दगडावर. तो कुठे आणि गाडी कुठे. हेल्मेट नाही. कानातून रक्त. मी डोकं मांडीवर घेतलं, ओढणी दाबली, ती भिजली, येताना आईची जुनी साडी उचलली होती तीही भिजली. तो "आई" पण म्हणत नव्हता. नुसतं घुर्र, घुर्र. रुग्णवाहिका आली, वाशिमला नेलं, तिथून अकोल्याला हलवलं.
पिवळे दाणे होते तोवर दगड दिसत होते. दाणे गेले आणि संधिप्रकाशात दगडाचा रंग डांबराचा झाला. एवढी साधी गोष्ट. रामेश्वरभाऊंना कळत होती.
गर्दीत कुणीतरी म्हणालं, "कोणं ठेवले बे दगडं?" दुसरा म्हणाला, "रामेश्वरचं सोयाबीन होतं इथं."
मी तिथेच होते. मांडीवर त्याचं डोकं होतं. मी काही बोलले नाही.

गुरु. १७ ऑक्टो.
सकाळी पलीकडून कुणी आलंच नाही. शिट्टी तोंडात धरून उभी. टपरीवाल्यानं सांगितलं. काल रात्री मुलाचा भाऊ आणि त्याचे लोक दोन जीपमधून वाडीत आले. रामेश्वरभाऊंना खाटेवरून ओढलं. पायलसमोर.
पळत गेले. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, बरगडीला हात लावू देत नव्हते. पायल चुलीशी पाठमोरी.
मी म्हटलं, "माझं नाव का नाही घेतलं? दगड मी ठेवायला लावले."
फाटक्या ओठानं हळूहळू बोलले. "तुमचं नाव घेतलं असतं त तुमी फाट्यावर उभ्या राह्यल्या नसत्या. मंग पोट्टीले रोड कोणं ओलांडून देला असता?"
मला ओरडावंसं वाटलं. कुणाला तरी मारावंसं वाटलं आणि मारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.
सरळ मुलाच्या घरी गेले. अंगणात बायका बसलेल्या. भाऊ अकोल्याहून नुकताच आला होता, पंचविशीचा असेल, शर्टावर भावाचंच रक्त वाळलेलं. म्हटलं, "तुम्ही चुकीच्या माणसाला मारलं. दगड माझे. रामेश्वरभाऊ उचलत होते, मीच नको म्हटलं."
त्यानं थोबाडीत दिली. कानात शिट्टी वाजली.
आणि मी परत दिली. हात आधी गेला. तो मागे भिंतीवर आदळला, नाकातून रक्त. बायका किंचाळल्या. मला वाटलं, आता हे लोक माझा चेंदामेंदा करतात. पण तो भिंतीशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "तो अजून डोळे उघडून नाई राह्यला. हाक मारली त वळून नाई राह्यला."
ज्याच्या भावाला मी पाडलं त्यालाच मी मारून आले. लाज वाटते. हे लिहितानाही तळहात झोंबतोय, आणि कोणत्या तोंडानं त्याला दोष देऊ.
परत येताना फाट्यावरचे सगळे दगड उचलले. टपरीमागे ढीग घातला. नखं तुटली. पोलीस पंचनामा करायला आले तेव्हा रस्ता स्वच्छ. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, लेखी द्यावं लागेल, सोमवारी या.

शुक्र. १८ ऑक्टो.
आज पायल आली. एकटी. बाकी पोरींना वाडीनं ठेवून घेतलंय. तिच्या सायकलमागे रामेश्वरभाऊ, काठी टेकत.
माझ्याकडे ना दगड, ना दाणे. स्टंप घरी ठेवून गेले होते. आणि या बाजूला टपरीजवळ मोटारसायकल लावून तो भाऊ उभा. नाकाला पट्टी.
"बाई, येऊ का?"
दोन टिप्पर लागोपाठ गेले. बापलेक पलीकडे वाट पाहत होते, हा अलीकडे पाहत होता. मग बस आली, तिच्या पुढे मी नुसती जाऊन उभी राहिले. बस थांबली. "या" म्हटलं. आली.
ती शाळेत गेल्यावर भाऊ जवळ आला. "दगडं कुठी हायेत?"
टपरीमागचा ढीग दाखवला.
"त्यातला कोणता?"
मला कसं माहीत असणार. त्यानं एकेक उचलून पाहिला, उलटा केला, अंगठ्यानं पुसला. एकावरही काही नव्हतं. शेवटी एक घेतला आणि गाडीच्या टाकीवर ठेवला.
"डॉक्टर म्हणते आजची रात काढली त काढली. तो उठला त सोडून देतो तुमाले. नाई उठला त पोलिसाकडं नाई जात मी. सकाळीच इथं येतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी काय करायचं ते मला येतं.
मु.अ.ना सांगितलं. म्हणाले, "उद्या नका येऊ बाई, सुट्टी घ्या." चांगला माणूस आहे, पण उद्या फाट्यावर मी येतो असं काही म्हणाला नाही.
संध्याकाळी पायलला ओलांडून दिलं. तिला यातलं काही माहीत नाही. पलीकडे पोचल्यावर पाय टेकवून थांबली, मागे वळली. "बाई, उद्या सकाळची शाळा हाये. बाबा म्हणते, बाई असल तरच जाय. त्या बाकीच्या पोट्ट्या बी येऊ म्हणून राह्यल्या, मी जाऊन आली म्हणून. तुमी हाय ना?"
म्हटलं, आहे.
अकोल्याहून काही कळलं नाही. भावाला फोन करायची हिंमत नाही. स्टंप दाराशी ठेवला होता, आईनं तो उचलून पलंगाखाली सारला. मी काढला नाही. साडेपाचचा गजर लावलाय. स्टंपचं सकाळी बघू.