रानमेंढ्यासाठी काडतूस

९ मे
लागला! परवाना लागला! रानमेंढ्याच्या शिकारीचा, सोडतीत. केस काळे होते तेव्हापासून दरवर्षी अर्ज टाकतोय आणि दरवर्षी नकार. आज लावॉनने चष्मा लावून दोनदा वाचलं, म्हणाली, "अरे ऑरिन, तुझंच नाव आहे की!" मग माझी मान धरून गालावर पापी. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने!
एक मेंढा, एक मोसम. पुन्हा नंबर लागेपर्यंत मी काही जगत नाही. कागद फ्रिजवर लावलाय. सप्टेंबरात डोंगरात.

१२ मे
मायलो आला. आमच्या ड्यूबॉइज गावातला हा रायफलींचा पंडित. याला मत विचारावं लागत नाही. बापाची जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. "हिने मेंढा मारणार? तो दरीपलीकडे उभा असेल, चारशे यार्डांवर. तुझी गोळी पोचेपर्यंत तो नातवंडं खेळवून येईल."
वेग हवा म्हणे. वेगाची गोळी कमी खाली जाते, वाऱ्याने कमी ढळते. खरं आहे ते. आणि इथला वारा म्हणजे घरजावई, कधी जातच नाही. मायलो त्याची सेव्हन मॅग रायफल उसनी ठेवून गेला. काडतूस केवढं! माझ्या बोटापेक्षा लांब.
जाताना एक जुनी गोष्टही सांगून गेला. कुणीतरी लांबून मारलेला मेंढा त्याला आठवड्याने कड्यावर सापडला होता. जबडा फुटलेला, जिवंत. खाता येत नव्हतं, मरताही येत नव्हतं. मायलोने संपवला त्याला. एरवी बडबड्या माणूस, पण हे सांगताना खाली बघत होता.
मी ठरवलंय — खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही. मेंढा गेला तरी चालेल.

२३ मे
काडतुसं घरीच भरतो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तराजू, बंदुकीच्या दारूची चिमटी, गोळी. थंडीच्या दिवसांतलं आवडतं काम हे. आज मात्र दारूचे दाणे टेबलभर सांडले. दार उघडं होतं, वारा. लावॉन शेजारीच ॲपल पायचं पीठ मळत होती. "हे पिठात गेलं तर पहिला तुकडा मायलोला देईन हं," म्हणाली.

२ जून
गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो, मायलोबरोबर. सेव्हन मॅग. कागदावर भोकं अशी पसरली की जणू कुणी मूठभर चणे फेकलेत. वारा होता.
मायलो म्हणाला, "आणखी वेग घे. थ्री हंड्रेड मॅग."

९ जून
थ्री हंड्रेड. धक्क्याने खांदा निळा, कागद कोरा!

१६ जून
लँडरला गेलो. थोरला भाऊ व्हर्नन तिथल्या वृद्धांच्या घरात आहे, कंपवात झाल्यापासून. सूप पिताना चमचा वाटीवर वाजत होता. शेवटी चमचा मी घेतला. मग त्याला बाहेर उन्हात न्यायचं म्हणून शर्टाची बटणं लावायला घेतली. बारीक बटणं, चिवट काजं. व्हर्नन हसायला लागला. "लेका, तू तर माझ्याहून ढिम्म! राहू दे, थंडी पडेपर्यंत होईल लावून."
मेंढ्याचं सांगितलं. डोळे लकाकले त्याचे. आम्ही दोघांनी एकाच वर्षी अर्ज टाकायला सुरुवात केली होती. त्याने चार वर्षांपूर्वी सोडलं.
येताना वाटेत दोनदा गाडी थांबवली. कारण काही नव्हतं.

३० जून
काडतुसांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या — कुठली गोळी, किती दारू. लावॉनने एक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "अक्षर केवढं बारीक केलंस! मुंग्या परवडल्या." म्हटलं, चिठ्ठीच लहान आहे. ती म्हणाली, "बरं."

१४ जुलै
आजचं लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. खाणीत मायलोबरोबर लावॉनही आली होती. म्हणाली, "आज काडतूस मी घालते, तू नुसता नेम धर." तीनदा बार उडाला. चौथ्यांदा चाप ओढला — खट्! बारच नाही. आणि नळी मात्र हिसका बसून खाली गेली. सगळ्यांनी पाहिलं. तिने दारू नसलेलं काडतूस घातलं होतं, गुपचूप.
हे इथे पोरांना शिकवताना करतात. धक्क्याला भिणारं पोर बार उडायच्या आधीच दचकतं, ते रिकाम्या काडतुसावर उघडं पडतं. आणि मी? चाळीस हिवाळे घाटातला बर्फ काढणारी गाडी चालवली, एका बाजूला दरी, आणि हा हात कधी हलला नाही.
मायलो पोट धरून हसला. "म्हातारा धक्क्याला भितोय!" लावॉन हसली नाही. ते काडतूस काढून खिशात टाकलं.
शरम वाटली. पण मनातून सुटल्यासारखंही झालं. रोग कळला म्हणजे औषध करता येतं.

२१ जुलै
औषध सापडलं! सिक्स-पॉइंट-फाइव्ह. गोळी बारीक, लांबट. वेग सेव्हन मॅगहून थोडाच कमी, वारा तिला कमी ढकलतो, आणि धक्का निम्म्याहून थोडा जास्त, बस्स. मायलो नाक मुरडतोय. "ही पोरींची रायफल." लावॉन म्हणाली, "मग मीच मारते मेंढा, तू हाकारा कर."
काडतूस ठरलं. एवढ्यासाठी पूर्ण उन्हाळा घालवला.

३ ऑगस्ट
वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून तीन बार. तिन्ही भोकं कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. चारशे यार्डांवर! मायलोसुद्धा म्हणाला, "हं." त्याच्या तोंडून हे म्हणजे आरती ओवाळणंच. कागद घडी करून परवान्याशेजारी लावला.
रात्री जेवताना उगाच गात होतो. लावॉन बघत होती.

१७ ऑगस्ट
डोंगरात वाळूच्या पिशव्या कुठून येणार? आज पालथा पडून, नुसत्या कोपरांवर. पाच बार, पाच भोकं पाच गावांना. धक्का तर जाणवतही नाही या रायफलीचा. मग दचकायचं कशाला?
वारा होता. मायलो म्हणाला, "कुठे रे वारा?" त्याचं लक्ष नसतं.

१८ ऑगस्ट
गॅरेज. दार बंद, खिडकी बंद. रायफल रिकामी, बोट घालून पाहिली. नळीवर नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात साफ. रिकाम्या रायफलीला कोण भितो? जमिनीवर पडून नेम धरला. चापाला बोट लागायच्या आधीच नाणं पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. आत वारा नव्हता.
लावॉनला हाक मारली. ती आली, नाणं उचललं, शेजारी फरशीवर बसली आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.
"त्या दिवशी रिकामं काडतूस मी धक्क्याची भीती बघायला घातलं नव्हतं रे, ऑरिन. तुझा हात बघायचा होता."