आकाश गुंडाळण्याचा धडा

१ रमजान १४१९

काल चंद्र दिसला. म्हणजे दिसल्याचं रेडिओने सांगितलं. नाईलकाठच्या मनियलमधल्या आमच्या गच्चीवरून दिसला तो फक्त शेजाऱ्यांनी वाळत घातलेला गालिचा. सफवत म्हणाला, "बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंस, चंद्र कधी उगवणार हे तुला आधी माहीत नव्हतं?" माहीत होतं. तरी बघायचा असतो. हे नवऱ्याला चाळीस वर्षांत समजलेलं नाही, आता काय समजणार.

उद्यापासून मशिदीत माझे धडे, दुपारच्या असरच्या नमाजानंतर, बायकांच्या दालनात. विषय दरवर्षीचाच — आकाश. शाळेत अब्ला, म्हणजे बाई, होते, इथेही सगळ्याजणी अब्लाच म्हणतात. मेणकापडाचा तक्ता काढून पुसला. खाली पृथ्वी, वर एकावर एक सात आकाशं. सगळे तारे, सगळ्या दीर्घिका पहिल्याच आकाशात. दिव्यांनी सजवलंय असं कुराणात म्हटलंय ते हेच आकाश. वरची सहा मी कोरीच ठेवली आहेत. तिथलं कोणी पाहिलंय?

रात्री तरावीहच्या नमाजाला दोघं गेलो. तो खाली पुरुषांत, मी वर. उठबशीच्या वीस रकातींनंतर दोघांचेही गुडघे बोलत होते.

३ रमजान

चाळीसेक बायका. उम्म राफत पहिल्या रांगेत. गल्लीच्या तोंडाशी पालेभाजी विकते, अक्षरओळख नाही, पण माझे धडे तिला पाठ. "अब्ला, गुंडाळायचा धडा कधी?" चोवीसला, म्हटलं. "मग त्या दिवशी रुमाल दोन आणते."

तोच माझा मोठा धडा. आधी सांगते, विश्व पसरतंय. मग सांगते की एक दिवस ते थांबेल, गुरुत्व ओढील, सगळं माघारी येऊन पहिल्या बिंदूत मिटेल. आणि मग कुराणातली आयत — आकाश गुंडाळलं जाईल, लिहिलेला कागद गुंडाळावा तसं. पहिल्यांदा घडवलं तसंच पुन्हा घडवलं जाईल. बायका रडतात. विज्ञान आणि किताब एकाच वाक्यावर येऊन थांबतात, तेव्हा मलाही दर वर्षी भरून येतं.

५ रमजान

विग्दान आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात खगोल शिकवते. धडा संपल्यावर चपला हातात घेऊन थांबली. "अब्ला, रागावणार नाही ना?"

"आधी सांग, मग ठरवते."

"तो गुंडाळण्याचा धडा यंदा नका घेऊ. ते आता तसं राहिलेलं नाही." आणि मग सगळं सांगितलं. दूरच्या दीर्घिकांतले फुटणारे तारे मोजले म्हणे. हवे होते त्याहून मंद निघाले, म्हणजे हवे होते त्याहून लांब. पसरण्याला लगाम बसतच नाहीये. वेग वाढतोय.

मी म्हटलं, मोजण्यात चूक असेल.

"दोन गट होते, अब्ला. एकमेकांची चूक काढायला टपलेले. दोघांचं एकच आलं."

फार हुशार मुलगी. परीक्षेत मी तिचा अर्धा गुण उगाच कापला होता एकदा, तो आज तिने वसूल केला.

६ रमजान, शुक्रवार

पेपरात अर्धं पान! वर्षातला सर्वांत मोठा शोध म्हणून. आणि लिहिणाऱ्याने मथळ्यात आयतच घातलीय, पुढे प्रश्नचिन्ह टाकून — आकाश गुंडाळलं जाईल? सफवत जुम्याच्या नमाजाला गेला होता. मी ओट्याशी उभ्यानेच तीनदा वाचलं. चित्र होतं. सगळं एकमेकांपासून दूर जाणार, मग अजून दूर, शेवटी एका दीर्घिकेतून दुसरी दिसणारसुद्धा नाही. थंड. काळोख. संपलं.

त्याने आल्या आल्या पेपर मागितला. पान मी काढून घेतलं होतं.

"शब्दकोड्याचं पान कुठंय?"

"मुलुखियाच्या भाजीचं पाणी सांडलं त्यावर."

"कोड्यासकट?"

"कोड्यासकट."

उपाशीपोटी खोटं बोलले. लिहूनच ठेवते.

पण त्याला कळता कामा नये. दहा रमजानांमागे आमची मुलगी हाला गेली, एकोणीस वर्षांची, पंधरा दिवसांच्या तापाने. सफवत तेव्हा कशालाच मानत नव्हता. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, त्याला नाईलच्या पाण्यापलीकडे काही मोजता येत नसे. दफनातून आला तो तीन महिने बोलला नाही. त्याच वर्षी मी हा धडा पहिल्यांदा लिहिला आणि स्वयंपाकघरात त्याला वाचून दाखवला. पहिल्यांदा घडवलं तसंच पुन्हा. ऐकून उठला, आणि मला म्हणाला, "नमाजाआधी हातपाय धुतात तो वुजू कसा करतात ते दाखव."

त्या दिवसापासून त्याची नमाजाची एक वेळ चुकलेली नाही. माझ्या धड्यावर उभा आहे तो माणूस. आता धडाच खालून काढून घेऊ?

७ रमजान

झोप नाही. सफवत पहाटे फज्रच्या नमाजाला गेला.

९ रमजान

ते पान घरात नको. पण करायचं काय? फाडता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही, आयत आहे. उम्म राफतला पाकातले गोड कताएफ दिले ते त्यात बांधले. आयत आत दुमडली, तिला पाक लागू नये म्हणून मध्ये साधा कागद घातला. लाज वाटली. पण पान घराबाहेर गेलं. झाकली मूठ!

१० रमजान

मूठ उघडली.

दुपारी मी आत कणीक मळत होते. दारावर उम्म राफतचा आवाज. दार सफवतने उघडलं. "साहेब, हे अब्लांना द्या. त्यांच्याकडून चुकून मिठाईला आलं. माझ्या पोराने, राफतने वाचून दाखवलं, वर अल्लाहचा शब्द आहे. अब्लाच सांगतात ना, असा कागद पायाखाली जाऊ देऊ नये." धुतलेल्या फडक्यात घडी घालून आणलं होतं. तुपाचा डागसुद्धा पुसला होता बिचारीने.

मीच शिकवलंय तिला. मीच!

सफवत खिडकीशी बसून वाचत राहिला. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी पिठाच्या हातांनी आतल्या दारात उभी. शेवटी म्हणाला, "आता याचं काय करायचं?"

"कशाचं?"

"कागदाचं. फेकता येणार नाही." आणि उठून आपल्या जुन्या नकाशांच्या खणात ठेवला. एवढंच. कोडं मात्र तिथेच सोडवून टाकलं होतं.

१२ रमजान

तो काही विचारत नाही, आणि मी काही सांगत नाही. रोजा सोडायला जर्दाळूचं कमरुद्दीन पिताना दोघं पेल्यात बघतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. तो "आज गारठा आहे" म्हणाला तरी मला वाटतं, विश्व थंड होण्याबद्दलच बोलतोय.

संध्याकाळी मगरिबला गेला. रात्री इशाला गेला. तरावीहला एकटाच गेला. मला भांडी होती.

१४ रमजान

मशिदीच्या शेख वहदानना विचारलं. वयाने माझ्या निम्मे, पण डोकं ठिकाणावर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अब्ला, तुम्ही आयतीला भाड्याच्या घरात ठेवलंत. मालक आता म्हणतोय, खाली करा."

"म्हणजे दहा वर्षं मी चुकीचं शिकवलं?"

"आकाश गुंडाळलं जाईल हे बरोबर शिकवलंत. कशाने आणि कोणत्या गणिताने, ते तुम्ही पदरचं घातलंत. आणि जे मोजलं गेलं ते सगळं पहिल्याच आकाशातलं ना? तुमच्याच तक्त्यावर वरची सहा कोरी आहेत. सातही आकाशं अल्लाहच्या कुर्सीपुढे, त्याच्या आसनापुढे, वाळवंटात पडलेल्या कडीएवढी, असं आपण शिकतो. तुमचे शास्त्रज्ञ अजून कडीच्या आतच फिरताहेत."

"पण जे त्या गणितामुळे नमाजाला लागले, त्यांचं काय?"

"त्यांना खरं सांगा. खोट्यावर उभा राहिलेला माणूस आज ना उद्या पडतोच. खऱ्यावरचाही पडतो कधी, पण त्याला उठायला जमीन असते."

सांगायला सोपं आहे. त्यांच्या घरात सफवत नाही.

१५ रमजान

असरला गेला. मी खिडकीतून बघितलं. पाऊल जड वाटलं का? नवीन चपला आहेत, त्यानेही असेल.

१९ रमजान

पंधरापासून मी काय करतेय हे लिहायलाही लाज वाटते. तो नमाज पढत असला की मी दाराआडून बघते. कपाळ जमिनीला टेकतो तो सुजूद आधीपेक्षा आखूड झालाय का? परवा वाटलं, झालाय. आज वाटलं, लांबलाय. शाळेत मुलींच्या कॉप्या पकडायचे तेव्हासुद्धा इतकी नजर ठेवली नव्हती.

हाला आज असती तर एकोणतीस वर्षांची असती. मी रोज मनात विश्वाचा चित्रपट उलटा चालवायचे. दीर्घिका माघारी, तारे माघारी, नाईल माघारी, ती खाट माघारी, ताप माघारी. मग ती दारात, दप्तर घेऊन. आता चित्रपट पुढेच जातोय. आणि वेग वाढतोय.

२४ रमजान

आज तो धडा. असर संपता संपता पोचले. दालन भरलेलं, विग्दान मागे भिंतीशी. उम्म राफतच्या हातात दोन रुमाल.

सांगून टाकलं. म्हटलं, बायांनो, दहा वर्षं मी सांगत आले की विश्व थांबेल आणि माघारी येईल असं विज्ञान म्हणतं. आता विज्ञान तसं म्हणत नाही. ते पसरतच जाणार असं दिसतंय. आयत आहे तशीच आहे. तिला मी लावलेलं ठिगळ निघालं. चूक माझी.

उम्म राफत म्हणाली, "म्हणजे अजून पसरतंय?"

"हो."

"मग त्यात काय झालं अब्ला? मी रोज सकाळी गोणपाट पसरते, भाजी मांडते. संध्याकाळी गुंडाळते. गोणपाट स्वतःहून गुंडाळायला लागलं तर मी भिईन. ज्याने पसरलं तो गुंडाळील, त्याच्या वेळेला."

सगळ्या हसल्या. विग्दानही हसली. एकीने विचारलं, ईदच्या बिस्किटांना, काहकांना, साजूक तूप किती घ्यायचं. एकीला तक्ता नातवासाठी हवा होता. दोन्ही रुमाल कोरडे घरी गेले.

मी जिना उतरून आले आणि खाली कठड्याला धरून उभी राहिले. मी ज्यांच्यासाठी अठरा दिवस जीव टांगणीला लावला, त्यांचं केसाएवढंही हललं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२६ रमजान

उरला सफवत. इफ्तारनंतर, तो चहात साखर ढवळत असताना विचारलंच. "तू वाचलंस. मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"तू ज्याच्यामुळे नमाजाला लागलास ते गणित गेलं."

चमचा थांबला. "इन्शिराह, तू वाचून दाखवलंस त्या आठवड्यात मी खात्याच्या ग्रंथालयात गेलो होतो. सगळं वाचलं. थांबायला विश्वात वस्तुमान किती हवं, आणि ते आहे किती. कोणालाच माहीत नव्हतं. परत येईल, न येईल, दोन्ही लिहिलं होतं. तू त्यातलं एकच घेतलंस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला ते हवं होतं."

"आणि तू? तू कशाला वुजू शिकलास मग?"

त्याने चमचा बशीत ठेवला. म्हणाला, "तीन महिने मी भिंतीकडे बघत होतो. तूसुद्धा मुलगी गमावली होतीस, पण दिवसातून पाच वेळा उठायचीस. कुठेतरी जाऊन यायचीस. येताना तुझा चेहरा वेगळा असायचा. गणित बिणित नाही. तू जिथे जातेस तिथे मलाही जायचं होतं."

मी चहाचे पेले उचलले आणि आत आले. नळ सोडला आणि ते कितीतरी वेळ धूत राहिले. हे ऐकण्यापेक्षा तो नमाज सोडतो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२९ रमजान

काहक भाजले. चार तबकं. दोन करपली.

ईद

सकाळी सगळी गल्ली मैदानावर नमाजाला गेली. मी सांगितलं, पाहुणे येतील, घरात कोणी हवं. सफवत परत आला, नवा गलाबिया घातलेला. ईद मुबारक म्हणाला, माझ्या कपाळावर ओठ टेकले. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सात रमजानपासून तू एकदाही नमाज पढली नाहीस."

या वहीलासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं रागावेल, किंवा रडेल. त्याने नमाजाचे दोन मुसल्ले अंथरले, एक पुढे, एक मागे. "काही म्हणू नकोस," म्हणाला. "नुसती मागे बस. दहा वर्षं मीही नुसता तुझ्या मागे येत होतो."

मी बसले.