आजची तपासणी : ०००

३ नोव्हेंबर, सकाळी ७
स्वतःच्या हाताने केलेलं : फोल्डिंग स्टॉल एक, काटकोनात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. माहितीचे फलक आठ. टोकन मशीन एक. चाकणच्या कंपन्यांत ‘अपघाताविना दिवस’ मोजणारा बोर्ड असतो, तसाच ‘आजची तपासणी’ दाखवणारा लाल आकड्यांचा बोर्ड एक. आयटीआयची पायरी न चढता.
सगळं प्रज्वलच्या संस्थेसाठी. ते एलजीबीटी लोकांना आरोग्याची माहिती देतात. रविवारी पिंपरीत तपासणी शिबिर. समाजकार्य म्हणून करतोय. प्रज्वल माझा मुलगा आहे, याचा संबंध नाही.

५ नोव्हेंबर
विजयश्री म्हणते, बायकोचं ऐका, स्टॉल राहू द्या, पोराला फोन करा. चौदा महिने झाले, तो दापोडीत सुजितबरोबर राहतोय. मी हाकललं नव्हतं. पाहुण्यांना कळू देऊ नकोस, एवढंच म्हणालो होतो. काम बघून आपणहून बोलेल. फोन करायचा नाही.

७ नोव्हेंबर
फोन केला. सुजितने उचलला. शिबिराच्या जागी व्होल्टेज किती, विचारून ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०
स्टॉल रस्त्याकडे तोंड करून. ‘एलजीबीटी आरोग्य तपासणी’, अक्षरं नऊ इंची. शंभर फुटांवरून वाचता येतात. टेप लावून मोजलं.

दुपारी १
०००. लोक येतात, बोर्ड बघतात, सरळ पुढे जातात. एकजण तोंडाला रुमाल बांधून दोनदा गेला. बोर्डाचा ब्राइटनेस वाढवला.

दुपारी ३
प्रज्वल बोलला. म्हणाला, पप्पा, ही माणसं घरी न सांगता येतात, आणि तुम्ही त्यांना टोकन देऊन भर रस्त्यात उभं करताय. मी म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मी पान्हा शोधायला खाली वाकलो.

४:३०
शिबिर मागच्या खोलीत हलवलं. दार लोटलेलं. तिथे गर्दी. स्टॉलवर मी एकटा. टोकन क्रमांक एक मीच घेतलं. बीपी प्रज्वलने बघितलं. हात सैल सोडा म्हणाला. सोडला. एकशे सत्तर, एकशे दोन. उद्या डॉक्टरकडे सोबत येऊ का, त्याने विचारलं. एकटा जाईन म्हणालो.

१२ नोव्हेंबर
डॉक्टरकडे गेलो नाही. स्टॉल चिखलीत, माझ्या वर्कशॉपच्या दारात. बोर्ड ००१ वर. बंद करत नाही. तीनदा फोन हातात घेतला. व्होल्टेज विचारून झालंय.
दुपारी शेखर चायनीजवाला आला. म्हणाला, रोहिदासभाऊ, स्टॉल नुसता उन्हात तापतोय, मला द्या, बोर्डावर प्लेटी मोजीन. त्याला सांगितलं, काम बाकी आहे, पडदा लावायचाय.
या आठवड्यात नाकारलेल्या ऑफर दोन. प्रज्वलची, सोबत यायची. शेखरची, स्टॉलची, बोर्डासकट : बत्तीस हजार पाचशे.