हाराआडचा काटा

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
टॉवेल कारखाना बंद, यंत्रांची पूजा. मला हाच दिवस मोकळा मिळतो, म्हणून बॉयलरखोलीतल्या कॉम्प्युटरवर सिस्टीम अपडेट टाकला. बॉयलर सांभाळणाऱ्या माझ्या अप्पांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मला म्हणाले, "पूजेच्या दिवशी यंत्राला हात लावतीस व्हय गं?" हसण्यावारी नेलं.

३ ऑक्टो., शुक्र.
बॉयलरचं प्रेशर वाचणारा माझा प्रोग्राम दोनदा कोसळला. स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच, आणि अप्पा तो बघून भट्टीत लाकडं टाकतायत! स्टॅक ट्रेस काढला. कुठून कुठून येऊन पडला ते एरवी डझनभर ओळींत कळतं. आता दोन ओळी, पुढे नुसती प्रश्नचिन्हं.
मालकांना म्हटलं, बॉयलर बंद ठेवा. "ऑर्डर हाय. तुजा प्रोग्राम परत चालू केला की चालतंय की."


४ ऑक्टो., शनि.
अप्पांना बजावलं, स्क्रीन नको, बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. "व्हय व्हय. पन माझ्या पोरीनं केलंय ते, लई भारी हाय." मी चिडले. मग मोरीत जाऊन रडले.

५, रवि.
अपडेटने माझा प्रोग्राम वापरतो त्या लायब्रऱ्या बदलल्या. त्या प्रश्नचिन्हांच्या जागी नावं दाखवणाऱ्या त्यांच्या सिंबॉल फाइल्स उतरवल्या. ट्रेसमध्ये एक ओळ वाढली, बस्स. चूक माझीच. प्रोग्राम हलका व्हावा म्हणून कंपाइल करताना पायरीपायरीची खूण ठेवणारे फ्रेम पॉइंटर काढले होते, मग मागची वाट सापडणार कशी? अतिशहाणी मी.

७, मंगळ. सकाळ
फ्रेम पॉइंटर ठेवून कंपाइल केला, घरूनच कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालू केला. अर्ध्या तासात पडला, पण ट्रेस अख्खा आला. त्यात माझंच जुनं फंक्शन. प्रेशर मोजणारा सेन्सर गप्प बसला तर आधीचाच आकडा दाखव. अप्पा उगाच घाबरू नयेत म्हणून लिहिलेलं.
म्हणजे सेन्सर गप्प आहे. कधीपासून? अपडेटच्या आधीपासून? अगं आई गं.

अप्पांना फोन लावला. काटा किती?
"काटा? त्याच्यावर हार हाय की. आपोआप गळंपर्यंत काढायचा नसतो."
चार दिवस नुसतं व्हय व्हय!
"अप्पा, लाकडं थांबवा. हार तोडा. आत्ता."
"थांब, चष्मा आणतो."

फोन कानाशीच आहे. तोवर हे लिहीत बसलेय. बॉयलरचा आवाज येतोय. अप्पांचा येत नाही.