तू सांगितलेला कोल्हा

शिवादादा,

मुदखेडच्या घरी कार्टूनचं चॅनल पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ते इंग्रजीत होतं. तू शेजारी बसून मला अर्थ सांगायचास. "कोल्हा म्हणतोय, अर्धापूरची केळी लई गोड हायत." पुढे चॅनल हिंदीत आलं आणि कळलं, तू सगळं मनानंच सांगत होतास. मी भांडले, तर म्हणालास, "पण माझी गोष्ट भारी होती का न्हाई?" होती. हिंदी बोलणारा कोल्हा मला कधीच आवडला नाही. आता तर त्या चॅनलवर कोल्हाच नाही.

मार्चमध्ये आईचा इंग्रजी रिपोर्टही तूच वाचलास. "रक्त कमी हाय, बाकी काय न्हाई. तू जा परत लातूरला." मी गेले. महिन्याभरात आई गेली. काल माझ्या मुलीनं तो रिपोर्ट वाचून दाखवला. आजार शेवटच्या टप्प्यावर आहे, असं पहिल्याच पानावर लिहिलंय.

शेजारच्या कस्तुराबाई सांगतात, शेवटी आई रोज माझ्याबद्दल विचारायची आणि तू रोज म्हणायचास, "सुकी निघालीय, येईलच."

मी इथे शिलाई मशीनवर बसून होते, दादा. एक फोन केला असतास, तर चार तासांत पोचले असते.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू माफी मागशील, आणि मला ती नकोय.

सुकन्या