बाबांना पाच सेकंद पुरत नाहीत

अतिशहाण्या,

नवी सिस्टीम टाकून बघायला तुला बाबांचाच कॉम्प्युटर सापडला? आता सुरू केला की जुन्या-नव्या सिस्टीमची दोन नावं येतात आणि पाच सेकंदांत जुनं निवडलं नाही, तर तुझं नवं खूळ आपोआप चालू होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या बोटाला बाणाच्या बटणापर्यंत पोचायलाच दहा सेकंद लागतात! सकाळपासून नऊ वेळा बंद-चालू केला त्यांनी. बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं टायपिंग राहिलंच. वर "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं गं" म्हणत माझी माफी मागताहेत.

मी ड्युटीवर चाललेय. तू घरी आल्या आल्या जुनी सिस्टीम पहिली लाव, पाच सेकंदांचं एक मिनिट कर. पण त्याआधी बाबांसमोर बस आणि कुणाच्या हातून बिघडलं ते सांग.

ताई